अंगठे बाहेर

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट नीट मुठीत धरता येत नाही. धरतात, पण अंगठा बाहेर ठेवून. स्कूटरचं हँडल, भाजीच्या पिशवीचे बंद, बसमधला दांडा, सगळं चार बोटांवर. लग्नात भटजींनी दोनदा सांगितलं, "अंगठ्यासकट धरा मुलीचा हात." ह्यांनी धरला, आणि मंत्र संपायच्या आत अंगठा पुन्हा सुटला. मांडवातच माझ्या आत्याने आईच्या कानात विचारलं की मुलाच्या हातात काही खोट तर नाही ना. मी तो प्रश्न ऐकला आणि होमासमोर बसल्या बसल्या धसका घेतला.

लग्नाचे पाहुणे पांगल्यावर मी त्यांना सरळ विचारलंच. ते हसले. म्हणाले, "खोट न्हाई, नोकरी हाय."

नोकरी चाकणला, गाड्यांच्या एका कंपनीत. टेस्ट ड्रायव्हर. गाडी बाजारात यायच्या आधी तिला काळ्यापांढऱ्या नक्षीच्या स्टिकरांत गुंडाळतात, म्हणजे कुणाला तिचं रूप कळू नये, आणि मग कंपनीच्या आवारातल्या मुद्दाम वाईट बांधलेल्या रस्त्यावर पिदडतात. दगड, चर, चिखल, डबकी. जे मोडायचंय ते तिथेच मोडू दे, गिऱ्हाइकाच्या हातात नको. त्या रस्त्यावर चाक दगडाला आपटलं की स्टीअरिंग हातातल्या हातात उलटं फिरतं, आणि आत अंगठा गुंतला असेल तर काडीसारखा मोडतो. म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला धडा: अंगठे बाहेर. लातूरकडून आयटीआय करून आलेल्या पोराने तो असा गिरवला की जन्माचा अंगात मुरला.

मी चिंचवड गावठाणातली, वडील शिक्षक, मी स्वतः शिक्षिका. आमच्याकडे नोकरी म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट. ह्यांची नोकरी सांगायचीच सोय नव्हती. गाडी गुपित, रस्ता गुपित. "आज काय केलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालवली." कसली, कशी, कुठे? "चालवली की." मी वैतागायचे. म्हणायचे, घुम्या माणसाशी लग्न लावून दिलं मला.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. आम्ही बायका नव्या साड्या नेसून जायचो. झेंडूच्या माळा घातलेले रोबो बघायचे, लाइनवर अर्ध्या उभ्या गाड्या बघायच्या, पेढा खायचा. वेल्डरची बायको म्हणायची, हे आमच्या ह्यांचं मशीन. पेंट शॉपवाल्याची म्हणायची, इथे आमचे हे असतात. मला हे एका निळ्या फाटकापाशी न्यायचे. फाटक बंद. पलीकडे उंच भिंत. "माझं काम त्याच्या पल्याड," एवढंच बोलायचे, आणि दरवर्षी वर एक वाक्य जोडायचे, "तुला एकदा दाखवतो. आपली गाडी होऊ दे."

आपली गाडी व्हायची ती काही होईना. आधी फ्लॅट, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलीचं इंजिनिअरिंग. मी स्कूटरवर शाळेत, हे कंपनीच्या बसने. शेकडो नव्या गाड्या ज्याच्या हातून गेल्या त्याच्या दारात एक स्कूटर. सोसायटीतले लोक चेष्टा करायचे, सुताराच्या घरी पाट नाही म्हणायचे. ह्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. मी दोनचार जणांना चांगलं सुनावलंही होतं.

आणि मग गाडीचे दिवस आले तेव्हा मणका गेला.

एकदम नाही गेला. इतकी वर्षं त्या दगडांवर बसून दणके खाल्ले, ते सगळे आत साठत होते. आधी कंबर धरायची. मग डावा पाय जड व्हायचा, मग त्यात मुंग्या. हे कुणाला सांगतायत? बाथरूममध्ये पडले तेव्हा कळलं. मणक्याचे डॉक्टर आमच्या भागात मिळाले तेही स्पाइन रोडवर, त्यावर आम्ही दोघं रिक्षात हसलो होतो. येताना नाही हसलो. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवलं की गादी कुठे दबलीय आणि नस कुठे चिरडतेय. म्हणाले, दणका बसता कामा नये. साध्या रस्त्यावर थोडं चालवा, हरकत नाही. पण दणका नको. एखादा जोराचा बसला आणि पाय कायमचा गेला तर मी काही करू शकणार नाही.

कंपनीने त्यांना लाइट ड्युटी दिली. स्टोअरमध्ये टेबल, खुर्ची, पंखा. कंपनी वाईट वागली असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि मी सवयीने विचारलं, "आज काय केलं?" तर म्हणाले, "बसलो." पाणी पीत उभे राहिले नुसते.

त्याच वर्षी मुलीला माणच्या आयटी पार्कात बरी नोकरी लागली आणि ती हट्टाला पेटली की बाबांना गाडी घ्यायचीच. तिच्या डोक्यात छोटी, मऊ, शहरातली गाडी. ह्यांनी तोंडातून एकच नाव काढलं. आमच्या सगळ्यांच्या अंदाजाबाहेरची, उंच, धिप्पाड एसयूव्ही. का, तर ही त्यांची शेवटची गाडी. स्टिकरांत असताना त्यांनी चालवलेली. "हिचं दार नीट लागत नव्हतं तवापास्नं वळखतो मी हिला," म्हणाले. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, घेऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा काही मागतोय माणूस.

नाशिक फाट्याजवळच्या शोरूममध्ये गेलो. तिथली मुलगी चुणचुणीत, काका-काकू करत सगळं समजावणारी. रंग ठरला, पांढरा. मग ती म्हणाली, "काका, ऑफरोड पॅकेज टाकायचं का?"

म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. इंजिनाची ताकद चारही चाकांना. गाडी आणखी उंच. खालून पोटाला जाड पोलादी पत्रा, दगड लागू नये म्हणून. दातेरी टायर. आणि एक चाक हवेत लटकलं तरी बाकीच्यांनी गाडी ओढून न्यावी अशी एक सोय. हे सगळं कारखान्यातच बसतं. ऑर्डर जायच्या आधी सांगायचं. एकदा गाडी लाइनवर चढली की मग नाही.

"टाका," हे म्हणाले. तिने विचारायचा अवकाश.

"थांब," मी म्हटलं. "आम्ही कळवतो."

रिक्षात मी तोंड सोडलं. डोक्यावर पडलात का, डॉक्टर काय म्हणाले ते मराठीतच म्हणाले ना, आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुठला डोंगर आहे म्हणून पत्रा पाहिजे पोटाला. हे ऐकत होते. निगडी आल्यावर म्हणाले, "तुला दाखवायचं ऱ्हायलंय की."

"काय?"

"काम माझं. खेडच्या वरल्या अंगाला, घाटमाथ्याकडं, कच्चा रस्ता हाय एक. मी बघून ठेवलाय. एकदाच जाऊ. हळू चालवतो. तू शेजारी बस."

खंडेनवमीच्या फाटकापाशी जे वाक्य मी इतकी वर्षं कानाआड केलं होतं ते हा माणूस खरंच बोलत होता.

शोरूमची मुलगी दोन दिवसांआड फोन करायची. काकू, ठरलं का? ऑर्डर अडकलीय. आमच्या घरात त्या एका शब्दावरून सगळं अडकलं होतं. मुलगी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "आई, तूच नाही म्हण, तुझंच ऐकतात." तिला काय माहीत. नाही म्हणणं म्हणजे पॅकेजला नाही म्हणणं नव्हतं. तुम्ही आता दगडावर गाडी घालणारे राहिला नाहीत, तुम्ही आता टेबलवाले, हे बायकोने तोंडावर सांगणं होतं. डॉक्टर सांगून मोकळे झाले, कंपनीने ऑर्डर काढून सांगितलं. मी सांगितलं असतं तर मग खरोखरच संपलं असतं. आणि हो म्हणावं तर तो पाय माझ्या डोळ्यांसमोर यायचा. भाकरी थापताना, वह्या तपासताना, तोच विषय. मी रोज सकाळी हो ठरवायचे आणि संध्याकाळी नाही.

शेवटी शोरूमवालीनेच तोड काढली. मोशीकडच्या एका मोकळ्या मैदानावर रविवारी त्यांचा कार्यक्रम होता. मातीचे उंचवटे, चर, चिखलाचा खड्डा, सगळं बनवलेलं. पॅकेजवाली गाडी ठेवलेली. या, बसून बघा, मग ठरवा. "नुसतं बघून येऊ," हे म्हणाले. "नुसतं बघायचं," मी दटावलं. मुलीला सांगितलं नाही.

मैदानावर मांडव, खुर्च्या, गाणी, मठ्ठा. लोक पोराबाळांना घेऊन आलेले. तिथला शिकवणारा माणूस एकेका कुटुंबाला गाडीत घालून फिरवत होता आणि ज्याला यायचं त्याला चालवायला देत होता. लोक ओरडत होते, मोबाइलवर चित्रण करत होते, चरात गाडी आपटवत होते. प्रत्येक दणक्याला ह्यांचा चेहरा आक्रसायचा. गाडीसाठी. मी ओळखते तो चेहरा, पोरगी लहानपणी पडली की तसाच व्हायचा.

आमचा नंबर आला. शिकवणाऱ्याने विचारलं, "काका, तुम्ही चालवणार की मी?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सबंध संसारात ह्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. परवानगी मागत होते, असंही नाही. नाही म्हणालीस तर मी समजून घेईन, असं होतं त्यात. आणि तेच मला सोसवेना.

"चालवा," मी म्हटलं.

मी शेजारी बसले, शिकवणारा मागे. त्याने पाठ केलेलं सुरू केलं, "काका, सगळ्यात आधी, स्टीअरिंग धरताना अंगठे..." आणि थांबला. ह्यांचे अंगठे बाहेरच होते, जसे ते सबंध आयुष्य होते.

मला वाटलं होतं, आता दणके बसतील. मी दारावरचा दांडा घट्ट धरून डोळे मिटले होते. दणका आलाच नाही. डोळे उघडले तर गाडी उंचवट्यावर चढलेली, माझ्या बाजूचं पुढचं चाक हवेत, आणि खाली नुसती माती दिसतेय. गाडी मात्र हिंदकळत नव्हती. डोक्यावर भरली घागर घेऊन बाई उतरते तशी उतरली. मग चर. चाक आत गेलं ते कळलं, बाहेर आलं ते कळलंच नाही. आणि हे बोलत होते. आमचे घुमे बोलत होते. हळू, एकसारखं, माझ्यासाठी.

"बघ, आता मागचं चाक उचलंल. भ्यायचं न्हाई. हां. आता तिला घाई करायची न्हाई, ती आपापली वाट काढती. दगड दिसला ना? त्येच्यावरनं चाक न्यायचं, त्येला पोटाखाली घ्यायचं न्हाई. लोकाला उलटं वाटतं. बघ, चढली का न्हाई?"

मी बघत होते. दगड नाही, त्यांचे हात. स्टीअरिंग त्यांच्या तळव्यांत असं जात-येत होतं की धरलंय की सोडलंय कळू नये. इतकी वर्षं ज्या हातांना मी पिशवीसुद्धा नीट धरता येत नाही म्हणून बोलले, ते हात हे करत होते रोज, त्या भिंतीपलीकडे, आणि घरी येऊन सांगत होते, चालवली. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. कारण हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि आत कुठेतरी कळत होतं की पुन्हा बघायचं नाहीये.

फेरी संपली. गाडी मांडवापाशी अलगद थांबली. बघणाऱ्यांतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शिकवणारा मागून म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला," आणि उतरला. मी उतरले. हे उतरेनात.

मागे दुसरी गाडी येऊन उभी, तिने हॉर्न दिला. लोकांना वाटलं, काकांना मजा आली, सोडवत नाहीये. एकजण हसून म्हणाला, "काका, आता आमचा नंबर." मी वळसा घालून त्यांच्या दारापाशी गेले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं, फक्त घाम आला होता.

"जरा बसू दे," म्हणाले.

"काय झालं?"

त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "पाय येईना गं."

डावा पाय क्लचजवळ तसाच पडला होता, दुसऱ्याचा असावा तसा. एवढं अलगद चालवूनसुद्धा. मी आणि शिकवणाऱ्याने धरून त्यांना खाली घेतलं. मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी खाली मातीत बसून पोटरी चोळत राहिले. गाणी चालूच होती. लोक मठ्ठा पीत होते. बऱ्याच वेळाने पायाची बोटं हलली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

शोरूमची मुलगी हातात टॅब घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं. लांबून बघितलं होतं तिने. "काका, काय भारी चालवलीत. मग टाकायचं ना पॅकेज?"

मी तोंड उघडलं. मला वाटलं होतं मी नाही म्हणेन. पण जे बघितलं होतं त्यानंतर माझ्या तोंडून निघालं, "टाक."

"नको," हे म्हणाले.

"अहो, घेऊ या ना. मी सांगतेय."

"नको. साधी पायजे. आणि ऑटोमॅटिक करा. क्लच नको."

त्या पोरीने स्क्रीनवर दोनदा बोट लावलं आणि म्हणाली, "झालं काका." तिच्या बाजूने खरंच एवढंच होतं.

घरी मी भांडले. तीन आठवडे जिला विरोध केला तीच गोष्ट घ्या म्हणून भांडले, मुलगी आ वासून बघत होती. मी म्हटलं, नाही चालवली तर नाही, दारात उभी राहील. तुमची आहे ना ती, तशीच असू दे. लोक काय काय हौसेने घेतात आणि नुसतं ठेवतात.

हे पलंगावर पाठीला उशी लावून बसले होते. माझं झाल्यावर म्हणाले, "दारात हुबी करायला असती का ती गाडी? पार्किंगमदी ठिवून तिला काय सांगायचं, की माज्याच्यानं हुईना?" मग, "तुला दाखवायचं हुतं. दाखवलं. बघितलंस न्हवं नीट?"

बघितलं, मी म्हटलं.

"मग झालं तर."

गाडी आली. शोरूममध्ये लाल कापड ओढून काढलं, फोटो झाले, मुलीने हार घातला, मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. हे आत बसले आणि अगदी हळू गाडी पुढे घेतली. लिंबं फुटल्याचं मला ऐकू आलं. ह्या गाडीच्या वाटेला चढायला आयुष्यात एवढंच होतं.

मुलगी तिथूनच ऑफिसला गेली. आम्ही दोघं घराकडे निघालो. हमरस्ता गुळगुळीत, ऊन कोवळं, आत नव्या सीटचा वास. मी काहीतरी बोलायचं म्हणून एसीबद्दल बोलत होते. आकुर्डीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं.

दोन्ही अंगठे आत होते. सगळे लोक धरतात तसं धरलं होतं त्यांनी स्टीअरिंग, मूठ वळून, अंगठ्यासकट. लग्नातसुद्धा एवढा वेळ टिकला नव्हता तो अंगठा.

"अहो," मी म्हटलं, "अंगठे."

त्यांनी हातांकडे बघितलं नाही. सिग्नलकडे बघत होते.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आता कुठं दगड लागणारंय."

मी खिडकीकडे तोंड करून घर येईपर्यंत रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही. सोसायटीच्या वळणावर एक खड्डा होता, नेहमीचाच, तो त्यांनी लांबूनच बघितला आणि गाडी हळूच बाजूने काढली.